चौसष्टाव्या पानावरचे नऊ सेकंद

चिमटाताईंच्या घरी वर्तमानपत्र यायचं ते धड, पण त्यांच्या हातात पडायचं ते भोकं पडलेलं. सकाळी नवरा आधी उठायचा, कात्री घ्यायचा आणि गाडीचं चित्र दिसलं की कापून काढायचा. ताई चहा घेऊन वाचायला बसल्या की मधल्या भोकातून त्यांना समोर बसलेल्या नवऱ्याचा गुडघा दिसायचा. गाडीच्या पाठीमागे एखादी चांगली बातमी छापलेली असली तर ती अर्धीच हाती लागायची. एका बँकेवर दरोडा पडला होता, त्यातला चोर सापडला की नाही हे ताईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

रस्त्यानं जाताना तर आणखी मजा. नवरा पुढे बघायचा आणि हळूच म्हणायचा, "येतेय." की ताई लगेच भिंतीकडे तोंड करून उभ्या. झगझगीत गाडी घोंघावत निघून गेली की तो म्हणायचा, "गेली," आणि मग दोघं पुन्हा चालायला लागायची. नव्यानं राहायला आलेल्या शेजाऱ्यांना वाटे, बाई फार रुसकी आहे.

हे सगळं नोकरीसाठी. ताई ज्या कारखान्यात होत्या तिथे मुलांचे जोडायचे ठोकळे बनत. त्या ठोकळ्यांतून खऱ्याखुऱ्या शर्यतीच्या गाड्यांचे वीतभर, हातभर नमुने उभे राहत. मूळ गाडीवाल्या कंपनीकडून रीतसर परवाना घ्यायचा, तिचं बोधचिन्ह छापायचं, आणि मग खोक्यात हजार-दीड हजार तुकडे आणि एक जाडजूड पुस्तिका घालून विकायला पाठवायचं. पुस्तिकेत अक्षर एक नाही, नुसती चित्रं. कोणता तुकडा कुठे, एवढंच. आता ही पुस्तिका बरोबर आहे की नाही हे बघायचं कुणी? ज्यानं गाडी रचली त्याला सगळं पाठ असतं, तो चुकीच्या चित्रावरूनही बरोबर गाडी बांधतो. म्हणून कारखान्यात एक खुर्ची होती. त्या खुर्चीवरच्या माणसानं ती गाडी कधी पाहिलेली नसावी, तिच्याबद्दल ऐकलेलं नसावं, आणि नुसतं पुस्तिकेकडे बघून ती पहिल्यांदा जोडावी. त्या माणसाला म्हणत 'कोरा हात'.

बावीस वर्षं कोरा हात होत्या चिमटाताई.

त्याआधी बारा वर्षं त्यांनी शर्टाच्या कारखान्यात बटणं लावली होती. बोटं अशी तयार झाली होती की बारीकातली बारीक वस्तू चिमटीत यायची आणि सुटायची नाही. नाव तिथूनच चिकटलं. पण त्यांना निवडलं ते बोटांसाठी नाही. निवडीच्या दिवशी बारा जण एका टेबलाभोवती बसवले होते. प्रत्येकापुढे एक खोकं, एक पुस्तिका. अकरा जणांनी भराभर घर बांधून दाखवलं. ताई सहाव्या पानावर थांबल्या त्या थांबल्याच. घामानं डबडबल्या, पण हात पुढे नेला नाही. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "मला येत नाही. यात एक चित्र राहिलंय." आणि खरंच राहिलेलं होतं, मुद्दाम काढून ठेवलेलं. बाकीच्या अकरांनी ते आपल्या डोक्यातून भरून काढलं होतं. अकरांना चहा पाजून घरी पाठवलं आणि ताईंना खुर्ची दिली. थांबण्याबद्दल पगार मिळणारी जगात एवढी एकच बाई, असं त्यांचा नवरा आल्यागेल्याला सांगायचा. तो स्वतः इस्पितळात लिफ्ट चालवायचा, आता निवृत्त झाला होता. त्याच्या बोटांना वर आणि खाली या दोनच गोष्टी ठाऊक. घरातल्या बरणीचं झाकणसुद्धा त्यानं लावलं की तिरकं बसायचं.

एकेक गाडी जोडून झाली की ताईंना एका कागदावर सही करावी लागे. त्यावर एकच ओळ छापलेली असायची: 'मी पानावर दिसलं तेवढंच केलं.' एकशे एकतीस गाड्यांवर त्यांनी अशी सही केली होती. एकशेबत्तिसावी होती एक लाल शर्यतीची गाडी, आणि ही गोष्ट तिची.

ती रचली होती पूलवाल्यानं. हा गृहस्थ आधी पुलांचे नकाशे काढायचा, म्हणून सगळे त्याला पूलवाला म्हणत. पन्नाशी जवळ आली तेव्हा पूल सोडून खेळण्यांत आला होता, आणि परवान्याची ही त्याची पहिलीच गाडी. तिचं स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची. दोन वर्षं तो त्या गाडीच्या मागे होता. ताईंनी ती जोडली अकरा तासांत, कुठेही न अडता. पूलवाला पेढा मिळाल्यासारखा खूश झाला आणि विभागाच्या मॅडम म्हणाल्या, इतकी सरळ पुस्तिका आजवर झाली नाही. ताईंनी सही केली.

मग गाडीवाल्या कंपनीचा परीक्षक आला.

हा माणूस येताना स्वतःची उशी घेऊन येतो, अशी त्याची ख्याती होती. आणि खरंच आला तो बगलेत निळी उशी मारून. किडकिडीत, घसा खाकरल्याशिवाय बोलायचा नाही. त्याची पद्धतही वेगळी. तयार गाडीकडे त्यानं वळूनही बघितलं नाही. न फोडलेलं खोकं मागितलं, छपाईला जायची होती ती पुस्तिका मागितली, आणि उशीवर बसून स्वतः जोडायला घेतली. त्याच्या समोर, टेबलाच्या पलीकडे, कोऱ्या हातानं बसायचं. दोन्ही पंजे टेबलावर उताणे ठेवायचे आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. परीक्षक जिथे अडेल ते पान मॅडम लिहून घेणार आणि कोरा हात तिथे अडला होता का हे पडताळून बघणार.

खोलीत पांढऱ्या कापडानं मढवलेलं टेबल, वर दोन दिवे, भिंतीवर मोठं घड्याळ. खिडकी बंद. पूलवाला कोपऱ्यातल्या स्टुलावर असा बसला होता, जणू आतल्या खोलीत त्याच्या बायकोचं बाळंतपण चाललंय. सकाळी दहाला सुरुवात झाली. परीक्षक दोनच दिवसांसाठी आला होता, तरी त्याला घाई नव्हती. एक पान उलटायचा, चित्र बघायचा, तुकडा शोधायचा, पुन्हा चित्र बघायचा, मग बसवायचा. ताईंना त्याचे हात आवडले. ज्यांना काही येत नाही असे स्वच्छ हात होते ते.

बारा वाजत आले असतील. परीक्षक चौसष्टाव्या पानावर आला. तिथे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, आणि त्याला अडकेल असं दुसरं, जरा मोठं दातेरी चाक आडव्या दांडीवर घालायचं असतं. ते डावीकडेही बसतं, उजवीकडेही बसतं. दोन्हीकडे तेवढीच जागा, तेवढंच घट्ट. परीक्षकानं चित्र बघितलं, चाक उचललं, पुन्हा चित्र बघितलं आणि डावीकडे बसवलं.

चुकला, असं ताईंच्या मनात आलं.

आता बघा, त्या समोर बसलेल्या, म्हणजे पान त्यांना उलटं दिसत होतं. उलटं पान वाचायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांना ते एकेक रेघ धरून बघावं लागलं. आणि बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं. परीक्षक चुकला नव्हता. चित्रातच चाक डावीकडे होतं. पूलवाल्यानं नीट दिसावं म्हणून त्या एका पानावर गाडी मागून काढायच्या ऐवजी पुढून काढली होती. गाडी फिरवली होती, पण ते चाक फिरवायचं राहून गेलं होतं.

मग मी कुठे बसवलं?

उजवीकडे. कपाटातल्या त्यांच्या गाडीत ते उजवीकडे होतं आणि तिची चाकं बरोबर वळत होती. त्यांना ते बसवल्याचं आठवतच नव्हतं. आधी जोडलेल्या, स्टिअरिंग फिरणाऱ्या अकरा गाड्यांत ते चाक उजवीकडे होतं, म्हणून बाराव्या वेळी हातानं ते आपलं आपण उजवीकडे घातलं होतं आणि पान उलटलं होतं. डोळ्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

त्यांनी टेबलावरचे आपले पंजे बघितले. दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे दिसत होते.

परीक्षक पुढे निघून गेला. पासष्ट, सहासष्ट. डावीकडच्या चाकावर आडवी पट्टी बसली, पट्टीवर तळ बसला. कुणालाच काही कळायचं कारण नव्हतं, कारण स्टिअरिंग बसतं एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर. तोवर गाडी दिसायला फक्कड दिसणार. आणि मग हा माणूस स्टिअरिंग डावीकडे फिरवणार आणि चाकं उजवीकडे वळणार. परवाना गेला, पूलवाल्याची दोन वर्षं गेली. आणि ताईंची खुर्ची? न थांबणाऱ्या कोऱ्या हाताला कोण विचारतो? बोलावं, तर नियम मोडतो. न बोलावं, तर एकशे सत्त्याऐंशीवं पान येतंच आहे. घड्याळाचा काटा हलला की ताईंना तो मानेला टोचल्यासारखा वाटायचा. परीक्षकानं मध्ये घसा खाकरला तर त्या दचकल्या, आणि मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

दीड वाजता परीक्षक एकशेदहाव्या पानावर पोचला आणि जेवायला उठला. उशी तेवढी खुर्चीवर ठेवली. अर्धवट गाडीवर काचेचं झाकण ठेवायची पद्धत होती. मॅडमनी ते ठेवलं, ताईंना म्हणाल्या, तुम्ही जरा बसा इथे, मी यांना जेवणघर दाखवून येते. पूलवाला जाताजाता ताईंच्या कानाशी वाकला.

"ताई, एकदाही अडला नाही हो. बघितलंत ना?"

ताईंनी मान हलवली. कशी हलवली ते त्यांचं त्यांना ठाऊक.

खोलीत त्या एकट्या राहिल्या. काचेच्या झाकणाला कुलूप नव्हतं. आडव्या पट्टीच्या बाजूनं अजून चिमटी आत जाईल एवढी फट होती. दांडी अर्धा बोट ओढायची, चाक डावीकडून काढून उजवीकडे घालायचं, दांडी परत सारायची. परीक्षकाला मागे वळून बघायचं कारण नव्हतं. संध्याकाळी पूलवाल्याला बाजूला घेऊन सांगायचं, ते पान बदल. पुस्तिका अजून छपाईला गेली नव्हती. एकाही मुलाच्या हातात चुकीचं पान पडणार नाही. पूलवाला वाचेल, परवाना वाचेल, खुर्ची राहील. कुणाचं काय बिघडलं? ताईंनी चारी बाजूंनी विचार केला आणि त्यांना खरंच कुणाचं काही बिघडलेलं दिसेना.

आणि मग त्यांचं लक्ष खाली गेलं. त्यांचा डावा हात झाकण उचलून बाजूला ठेवून मोकळा झाला होता. उजव्या हाताची चिमटी त्या फटीपासून दोन बोटांवर होती.

त्यांनी असं करायचं ठरवलंच नव्हतं. त्या अजून विचारच करत होत्या.

तेवढ्यात त्यांना पुढचं दिसलं. आज हे चाक हलवलं तर उद्या एकशेतेहतिसावी गाडी येईल, आणि हे हात तिथेही न विचारता पुढे जातील. तिथे परीक्षक नसेल, पान उलटं दिसणार नसेल, आणि त्या खाली सही करतील, मी पानावर दिसलं तेवढंच केलं म्हणून. त्यांनी झाकण परत ठेवलं, खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. शाळेत मास्तर येईपर्यंत खोड्या करणाऱ्या पोरांना बसवतात तसे. मॅडम आल्या तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या.

"गारठलात का ताई?"

"नाही," ताई म्हणाल्या. "धरून ठेवलेत."

मॅडमना वाटलं, भूक लागली असेल.

परीक्षक परत आला, उशीवर बसला, त्यानं एकशे अकरावं पान उलटलं आणि हात तुकड्यांच्या ताटलीकडे नेला. ताईंनी मांड्यांखालचे हात काढून टेबलावर उताणे ठेवले.

"साहेब, थांबा."

बावीस वर्षांत कोऱ्या हातानं परीक्षणात तोंड उघडलेलं नव्हतं. मॅडमची पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. पूलवाल्याचा चेहरा कापसासारखा झाला.

"चौसष्टाव्या पानावर चूक आहे," ताई म्हणाल्या. "तुमची नाही. पानाची. आणि मी जोडली तेव्हा मला ती दिसली नाही, कारण मी पान बघितलंच नाही. माझ्या हातांनी परस्पर बरोबर करून टाकलं."

परीक्षकानं घसा खाकरला. मग पुस्तिका मागे उलटत गेला, चौसष्टावर थांबला, बराच वेळ बघत राहिला. पूलवाला उठून त्याच्या खांद्यामागे आला, वाकला, आणि तिथेच टेबलाची कड धरून उभा राहिला. त्याला एका नजरेत कळलं. पुलांचे नकाशे काढलेला माणूस तो, पुढून आणि मागून यांतला फरक त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता चाक काढून नीट बसवावं आणि पुढे जावं, असं कुणालाही वाटेल. पण हा माणूस उशी घेऊन फिरणारा. तो म्हणाला, मी पुस्तिका तपासायला आलोय, पुस्तिका सांगेल तशीच बांधणार. आणि त्यानं एकशे अकरावं पान पुन्हा उघडलं. जे चुकणार हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक झालं होतं, ते तो एकेक तुकडा करून, सावकाश, पुन्हा पुन्हा चित्र बघून बांधत राहिला. पाच तास. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन. दरवाजे बसले, मागचा पंख बसला, बोधचिन्हाचा चिकटपट्टीचा तुकडा त्यानं श्वास रोखून चिकटवला. एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर बोटाच्या पेराएवढं स्टिअरिंग त्यानं दांड्यावर दाबलं, टक्‌ असा आवाज झाला, आणि त्यानं दोन बोटांनी ते डावीकडे वळवलं.

चाकं उजवीकडे वळली.

पूलवाल्यानं डोळे मिटून घेतले. परीक्षकानं पुन्हा वळवून बघितलं. डावीकडे केलं की उजवीकडे. मग, त्याला आजवर कुणी असं करताना पाहिलं नव्हतं, पण तो गालात हसला आणि म्हणाला, माझी बायको रस्ता सांगते तो असाच.

त्यानं मॅडमकडून ताईंचा वेळेचा कागद मागवून घेतला. कोऱ्या हाताला प्रत्येक पानाला किती वेळ लागला ते त्यावर लिहिलेलं असतं. बाकीच्या पानांना दोन मिनिटं, तीन मिनिटं, कुठे पाच. चौसष्टाव्या पानापुढे लिहिलं होतं: नऊ सेकंद. पानावर नजर टाकून दोन चाकं ओळखणंसुद्धा एवढ्यात होत नाही. तो कागद मॅडमनी वाचला होता, पूलवाल्यानं वाचला होता, आणि दोघांनी नऊ सेकंदांचं कौतुक केलं होतं.

परीक्षकाचा निकाल मग तीन ओळींत झाला. गाडी पसंत. पुस्तिका नापसंत, पान बदलून नव्या कोऱ्या हाताकडून पुन्हा पहिल्यापासून जोडून घ्यावी. तोवर परवाना थांबवून ठेवू, काढून घेणार नाही. पूलवाला मटकन स्टुलावर बसला आणि त्याला हसावं की रडावं कळेना, तेव्हा त्यानं मॅडमच्या बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं.

नव्या कोऱ्या हाताकडून. ते ताईंनीही ऐकलं होतं. मॅडम काहीतरी बोलणार होत्या, समजूत घालायच्या सुरात, पण ताईंनी त्यांच्याकडून फक्त तो सहीचा कागद मागितला. आपल्या सहीवर आडवी रेघ ओढली. मग ती छापलेली ओळ एकदा मनात वाचली आणि खाली आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'या वेळी नाही.' आणि त्याखाली सही केली. मॅडमनी तो कागद फाईलला न लावता खणात ठेवला.

ताई घरी आल्या तेव्हा नवरा बरणीचं झाकण लावत होता. त्यांनी चपला काढता काढता सगळं सांगितलं, दोन वाक्यांत. त्यानं बरणी खाली ठेवली. झाकण तिरकं बसलं होतं, त्याकडे बघत राहिला.

"मग आता?"

"आता नवीन माणूस शोधतायत. ज्याच्या हाताला कधी काही येत नव्हतं आणि पुढेही येणार नाही असा."

"अगं मग माझं नाव सांगायचंस."

"सांगितलं," ताई म्हणाल्या. "मॅडम म्हणाल्या, इतका कोरा नको."

तो हसला, ताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी आपले हात पदरात गुंडाळून घेतले. नवरा उठला. कपाटाच्या वरच्या फळीवरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. झाकण अर्थात नीट बसलेलं नव्हतं, बोट लावताच निघालं.

आत वर्तमानपत्राचे कपटे होते. बावीस वर्षांचे. खालचे पिवळे पडलेले, वरचे नवे, सगळ्यांच्या कडा त्याच्या वाकड्या कात्रीनं कुरतडलेल्या. हिरवी गाडी, निळी गाडी, चांदीच्या रंगाची, पिवळ्या पट्ट्याची. धूळ उडवत वळण घेणारी, दिव्यांखाली चमकणारी. ताईंनी यांतल्या बऱ्याचशा जोडल्या होत्या आणि एकही कधी पाहिली नव्हती.

त्यांनी सगळ्यात वरचा कपटा चिमटीत उचलला. लाल. एका वळणावर पकडलेली, चाकं डावीकडे वळलेली. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, मग उलटा करून मागची बाजू बघितली.

"अहो," त्या म्हणाल्या, "तो दरोड्यातला चोर याच्यातच कुठे तरी असेल ना?"

नवऱ्यानं चष्मा लावला, डबा दोघांच्या मध्ये ओढला, आणि दोघं तळापासून शोधायला लागली.